धनुष्य मुलाच्या मापाचे हवे

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत धम्म, शिक्षण, बाबासाहेबांचे ऋण आणि वसतिगृहातील दिवस यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, आणि ते लिहिले जायलाच हवे. या वेळी मात्र मी वाचकांना मैदानाच्या टोकाला नेऊ इच्छितो, जिथे गवताच्या गाठी रचून त्यांवर कागदी लक्ष्य लावलेले असते. तिथे उभ्या असलेल्या मुलाच्या हातातील धनुष्याला वर आणि खाली अशा दोन वाकणाऱ्या भुजा असतात. मैदानावर त्यांना लिम्ब म्हणतात. हे लिम्ब कसे निवडावेत, कधी बदलावेत आणि तो निर्णय कशाच्या आधारे घ्यावा, हा या लेखाचा विषय. तो एका खेळापुरता मर्यादित वाटेल. परंतु एखाद्या मुलाविषयी ‘याच्याने होणार नाही’ असा निवाडा आपण किती घाईने देतो, हा प्रश्न त्यात दडलेला आहे, म्हणून तो येथे मांडतो.

मी या मैदानावर तिरंदाजी शिकलो त्या काळी आमच्याकडे बांबूची धनुष्ये बरीच होती आणि टेकडाउन रिकर्व्ह धनुष्य एकच. एका सहृदय दात्याने ते दिले होते. त्याच्या खालच्या लिम्बवर ३८ हा आकडा होता. त्याचा अर्थ आम्हांला ठाऊक नव्हता आणि विचारण्याची हिंमतही नव्हती. आठवी-नववीची मुले पाळीपाळीने ते ओढत असू. माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा एक मुलगा बांबूच्या धनुष्यावर आम्हां सर्वांत स्थिर होता. या नव्या धनुष्यावर मात्र त्याचा हात थरथरे, खांदा कानापर्यंत चढे, बाण इतस्ततः जात. काही महिन्यांत त्याचा खांदा दुखू लागला आणि त्याने मैदानावर येणे सोडले. ‘याच्यात ताकद नाही’ असे आम्ही सारेच म्हणालो. वाईट हे की, त्याने स्वतःही ते खरे मानले. लिम्बवरचा आकडा वाचायला मी पुढे पुष्कळ वर्षांनी शिकलो, तेव्हा कळले की दोष धनुष्याचा होता आणि शिक्का मुलावर बसला होता.

एकलव्याच्या अंगठ्याची कथा आपल्या समाजाला नव्याने सांगावी लागत नाही. तिथे मागणारा समोर उभा होता. आमच्या मैदानावर कोणी काही मागितले नाही, कोणाच्या मनात कपट नव्हते, उलट देणाऱ्याच्या मनात माया होती. तरीही एक तिरंदाज गेला. केवळ अज्ञानानेही माणसाचे असे नुकसान होते, आणि ते टाळणे पूर्णपणे आपल्या हातात असते.

आता थोडे या धनुष्याविषयी. टेकडाउन रिकर्व्हचे तीन भाग सुटे होतात. मधला कठीण भाग म्हणजे रायझर. मूठ, बाण टेकवण्याची जागा आणि साइट ही सर्व त्याच्यावर असतात. त्याला वर एक व खाली एक असे दोन लिम्ब बसतात. साठवलेली सारी शक्ती या लिम्बांत असते. रायझर वर्षानुवर्षे तोच राहू शकतो, आणि मूल वाढेल तसे लिम्ब बदलता येतात. या रचनेचा खरा लाभ हाच आहे. आमच्या काळी तो लाभ आम्ही घेतलाच नाही. सुटे होणारे धनुष्य आम्ही केवळ पिशवीत भरण्यापुरते सुटे केले.

लिम्ब बसवण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. शिकाऊ मुलांच्या लाकडी धनुष्यात ते मोठ्या स्क्रूने आवळले जातात आणि बहुधा त्याच बनावटीचे लिम्ब त्याला बसतात. दुसरी पद्धत आयएलएफ म्हणून ओळखली जाते. तिचा उगम होयट या अमेरिकन कंपनीच्या रचनेत आहे. पुढे इतर उत्पादकांनी ती स्वीकारली आणि ती जगभर रूढ झाली. लिम्बच्या बुडाशी असलेली खाच रायझरच्या बोल्टखाली सरकते आणि लिम्बवरचे बटण खोबणीत ‘टक’ आवाज करून बसते. या पद्धतीत एका कंपनीच्या रायझरला दुसऱ्या कंपनीचे लिम्ब चालतात. मात्र खरेदी करताना नीट विचारावे. होयटचीच ‘फॉर्म्युला’ नावाची बैठक वेगळी आहे आणि तिचे लिम्ब आयएलएफ रायझरला बसत नाहीत.

पहिली निवड लांबीची. लिम्ब शॉर्ट, मीडियम आणि लाँग अशा तीन लांबींत मिळतात. २५ इंची रायझरला ते लावले की अनुक्रमे ६६, ६८ आणि ७० इंचांचे धनुष्य तयार होते. तेच लिम्ब २३ इंची रायझरला लावले तर धनुष्य दोन इंचांनी आखूड होते. कोणते घ्यावे हे मुलाच्या ओढीच्या लांबीवर ठरते. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर इंचांत मोजावे व त्याला अडीचने भागावे. ओढीचा ढोबळ अंदाज मिळतो. ओढ २६ इंचांपर्यंत असेल तर ६४ ते ६६, २८ पर्यंत असेल तर ६६ ते ६८ आणि त्याहून अधिक असेल तर ६८ ते ७० इंची धनुष्य सामान्यतः योग्य ठरते. उंच मुलाला फार आखूड धनुष्य दिले की शेवटच्या इंचांत ओढ एकदम जड होते आणि दोरीचा कोन बोटांना चिमटतो.

दुसरी निवड ताणाची, ज्याला मैदानावर पौंडेज म्हणतात. खरा गोंधळ येथे होतो. लिम्बवर छापलेला आकडा २८ इंचांच्या प्रमाणित ओढीवरचा आणि बहुतेक आयएलएफ लिम्बच्या बाबतीत २५ इंची रायझरवरचा असतो. ओढ एक इंच कमी झाली की ताण साधारण दोन पौंडांनी घटतो; हलक्या लिम्बचा त्याहून काहीसा कमी घटतो. म्हणजे २८ पौंडी लिम्ब २६ इंच ओढणाऱ्या मुलीच्या बोटांवर सुमारे २४ पौंड पडतील. तेच लिम्ब २३ इंची रायझरवर चढवले तर ताण पुन्हा सुमारे दोन पौंडांनी वाढेल. आयएलएफ रायझरच्या बोल्टने तो आणखी थोडा कमी-अधिक करता येतो. यास्तव छापील आकड्यावर विसंबून राहू नये. हुकाचा काटा दोरीला अडकवून मुलाच्या प्रत्यक्ष ओढीपर्यंत खेचावा आणि बोटांवर किती भार येतो तो वहीत लिहावा. सामान तोलण्याच्या साध्या काट्यानेही हे काम भागते. एवढा काटा आमच्या काळी कोणी लावला असता, तर माझा तो मित्र कदाचित आजही बाण सोडत असता.

मूल पेलू शकते की नाही हे त्याच्या उत्साहावरून ओळखू नये. त्याच्या शरीराकडे पाहावे. ताण जास्त असला की धनुष्य धरलेला खांदा वर चढतो, कंबर मागे झुकते, हनुवटी दोरीकडे धावते, आणि बोटे दोरी सोडत नाहीत तर तिला हिसडा देतात. पूर्ण ओढीवर दहा सेकंद न थरथरता थांबता आले पाहिजे. सरावाच्या अखेरच्या सहा बाणांची ठेवण पहिल्या सहा बाणांसारखीच राहिली पाहिजे. ऑलिंपिक प्रकाराच्या पात्रता फेरीत ७२ बाण मारावे लागतात, एक-दोन नव्हे. ज्या ताणावर मूल बहात्तरावा बाणही त्याच पद्धतीने सोडू शकते, तो ताण त्याचा. काही आठवडे हे सातत्याने जमले की दोन पौंड वाढवावेत, फार तर चार. एकदम दहा पौंडांची उडी म्हणजे दुसरीतील मुलाला दहावीच्या वर्गात बसवण्यासारखे आहे.

लिम्ब बदलणे हे पाच मिनिटांचे काम असले तरी ते निष्काळजीपणे करण्याचे काम नव्हे. दोरी चढवताना व उतरवताना नेहमी स्ट्रिंगर वापरावा. गुडघ्यात धनुष्य अडकवून वाकवण्याची जुनी सवय लिम्बला पीळ पाडते. दोरी उतरल्यावर लिम्ब काढून त्यावर चीर, पापुद्रा किंवा पीळ आहे का ते उजेडात पाहावे. लिम्ब जोडीनेच वापरावेत. एका जोडीचा वरचा आणि दुसरीचा खालचा असा संसार कधी मांडू नये. दोरीचा मोठा फासा वरच्या लिम्बकडे राहतो. दोरी चढवल्यावर मागे उभे राहून ती दोन्ही लिम्बच्या मधोमध दिसते का ते पाहावे. मग मुठीच्या सर्वांत खोल भागापासून दोरीपर्यंतचे अंतर, म्हणजे ब्रेस हाइट, मोजावे. मोठ्या धनुष्यांत ते साधारण सव्वाआठ ते नऊ इंच असते. ते कमी-जास्त असल्यास दोरीचे पीळ वाढवून किंवा कमी करून नीट करता येते. वरच्या व खालच्या लिम्बच्या बुडापासून दोरीपर्यंतची अंतरे, म्हणजे टिलर, तपासावीत. तीन बोटांनी ओढणाऱ्यांसाठी वरचे अंतर किंचित अधिक ठेवण्याची प्रथा आहे. बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे सैल करू नये; तसे केल्यास ओढताना लिम्ब निसटण्याचा धोका असतो. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नये. बाणाला मिळायची शक्ती मग लिम्बमध्येच आदळते आणि तो फुटू शकतो.

बाणांचा विचारही सोबतच करावा लागतो. ताण वाढला की बाण अधिक ताठ लागतो. बाणाचा ताठपणा स्पाइन या आकड्याने सांगतात आणि आकडा जितका लहान तितका बाण ताठ. एकदम मोठी उडी घेतली की बाणांचा पूर्ण संच निरुपयोगी होतो. दोन-दोन पौंडांनी वाढ केली तर टोकाचे वजन किंवा बाणाची लांबी थोडी बदलून तोच संच काही काळ चालतो. वाढत्या वयाच्या मुलांसाठी बाण मुळात थोडे लांबच घ्यावेत. म्हणजे मुलाच्या प्रकृतीला जे हितकर, तेच संस्थेच्या खर्चालाही हितकर आहे.

या भूमिकेवर आक्षेप येतात. पालकांचा पहिला आक्षेप असा की, स्पर्धेत ६० किंवा ७० मीटरवर बाण पोहोचवायचा तर जड लिम्ब हवेतच. मोठ्या स्तरावरचे पुरुष तिरंदाज बोटांवर ४५ ते ५० पौंड पेलतात हे खरे. पण ती त्यांच्या अनेक वर्षांच्या सरावाची फलश्रुती आहे, सुरुवात नव्हे. हलका कार्बन बाण आणि शुद्ध सुटका असेल तर तिशीच्या आसपासच्या पौंडेजवरही ७० मीटरचे लक्ष्य गाठता येते. शिवाय जवळच्या अंतरावर जे मूल पिवळ्या वर्तुळात बाण लावू शकत नाही, त्याला दूरच्या अंतरावर पाठवून आपण नेमके काय सिद्ध करणार?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो मला स्वतःला दीर्घकाळ पटत असे. आपली माणसे कष्टातून वर आली. सोसल्यावाचून कोणी घडत नाही. मग मुलांना हलके धनुष्य देऊन आपण त्यांना कमकुवत करत नाही का? या प्रश्नामागे आपल्या आई-वडिलांचे संपूर्ण आयुष्य उभे आहे, म्हणून त्याचे उत्तर आदरानेच दिले पाहिजे. आपल्या आजोबांनी पाठीवर जे ओझे वाहिले ते त्यांनी निवडलेले नव्हते. कोणी ते तोलून दिले नव्हते. किती पेलेल असे त्यांना कोणी विचारले नव्हते. १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह काढले, तेव्हापासून आजपर्यंत या वाटेवर जी वसतिगृहे उभी राहिली, ती आपल्या मुलांना नेमके हेच विचारणारे कोणी असावे म्हणून. ओझे वाहण्याची सवय हा आपला वारसा असेल. ओझे तोलण्याचे ज्ञान हा आपला हक्क आहे.

या बाबतीत धम्माचे मार्गदर्शनही स्पष्ट आहे. सोण कोळिविस हा भिक्खू इतका कठोर चंक्रमण करी की त्याची पावले रक्ताळली आणि मनात निराशा दाटली. तो पूर्वी वीणा वाजवत असे. भगवान बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांविषयीच विचारले: फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर ती वाजते काय? तथागतांनी त्याला प्रयत्न सोडायला सांगितले नाही. प्रयत्नाचा मेळ बसवायला सांगितले. पुढे तोच सोण अर्हत झाला. वंदनेच्या वेळी आपण ही कथा अनेकदा ऐकली आहे. सभागृहात ऐकलेली ती कथा मैदानावर येईपर्यंत मात्र आपण विसरतो. धम्मपदातही बाण सरळ करणाऱ्या कारागिराची उपमा आहे. तो कारागीर बाणावर रागावत नाही. डोळ्यासमोर धरतो, वाक कुठे आहे ते पाहतो आणि तेवढ्याच ठिकाणी बळ लावतो. शिक्षकाचे काम याहून वेगळे काय असते?

हलके लिम्ब म्हणजे लाड नव्हेत, हेही मुलांना सांगितले पाहिजे. २० पौंडांवर सहा बाण एकाच मुठीएवढ्या जागेत लावणे अतिशय अवघड आहे. जड धनुष्यावर चूक झाली की मूल ‘ताकद कमी पडली’ असे म्हणून मोकळे होते. हलक्या धनुष्यावर ती सबब उरत नाही. तिथे स्वतःची चूक स्वतःला दिसते, आणि ती दिसणे हीच साधनेची पहिली पायरी आहे.

सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधव यांचे नाव आपल्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. मजुरी करणाऱ्या आई-वडिलांचा हा मुलगा शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत राहून घडला आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या रिकर्व्ह संघातून खेळला. घराबाहेर राहून शिकणाऱ्या गरीब मुलाला योग्य साधन व योग्य शिकवण मिळाली तर काय होऊ शकते, याचे हे उदाहरण आहे. प्रत्येक मूल ऑलिंपिकला जाणार नाही. पण चुकीच्या साधनामुळे एकही मूल मैदान सोडून जाऊ नये, एवढे तर आपण पाहू शकतो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती अशी. शाळेला भेट द्यायची झाल्यास एक झगमगीत, जड, महागडे धनुष्य देऊ नका. फलकावर नाव लागेल, छायाचित्र निघेल आणि धनुष्य कपाटात राहील. त्यापेक्षा चौघांनी मिळून दोन-तीन साधे आयएलएफ रायझर द्या आणि उरलेल्या पैशांत १६ पौंडांपासून ३० पौंडांपर्यंत दोन-दोन पौंडांच्या अंतराने शॉर्ट व मीडियम लिम्बच्या जोड्या घ्या. शाळेने त्यांचे एक ग्रंथालय करावे. प्रत्येक जोडीला क्रमांक, एक नोंदवही, मुलाचे नाव, ओढीची लांबी, काट्यावर मोजलेला भार आणि बदलल्याची तारीख. मूल वाढले की जोडी परत येईल आणि पुढच्या मुलाच्या हाती जाईल. जशी आपण वरच्या वर्गातील दादा-ताईंची पुस्तके, नवे वेष्टन घालून, पुढच्या वर्षी वापरत होतो. मोठ्या मुलांनी लहानांची नोंद ठेवावी. शिकवताना तेही शिकतील. लिम्ब उन्हात किंवा पत्र्याच्या खोलीत तापत ठेवू नयेत, एवढी काळजी मात्र सर्वांनी घ्यावी.

पालकांना विनंती निराळी आहे. भेटीच्या रविवारी मुलाला ‘किती पौंडांचे ओढतोस?’ असे विचारू नका. ‘शेवटचा बाण पहिल्यासारखा सुटला का?’ असे विचारा. आपण जो प्रश्न विचारतो, त्याच दिशेने मूल धावते.

माझा तो मित्र आज सुस्थितीत आहे. काही महिन्यांपूर्वी तो आपल्या मुलीला घेऊन शाळेत आला होता. मैदानावर मी तिच्या हाती १८ पौंडी लिम्ब लावलेले धनुष्य दिले. आधी काटा लावून भार मोजला आणि तो आकडा त्याला दाखवला. तो आकडा त्याने बराच वेळ पाहिला, मग म्हणाला, “माझ्या वेळी किती होता रे?” मी सांगितले. तो काही बोलला नाही. मुलीने दोरी हनुवटीपर्यंत आणली, खांदा खालीच राहिला, आणि बाण गवताच्या गाठीत शिरला. लक्ष्याच्या मध्यापासून बराच दूर होता तो. तिने मागे वळून न पाहता दुसरा बाण काढला.

जय भीम. नमो बुद्धाय.